मावशीची वाडी, नऊ महिने वापरून झाल्यावर

मागच्या जूनपासून दर महिन्याला चार दिवस मी मावशीच्या वाडीवर मुक्काम टाकते. पुण्याहून वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि भिलारच्या अलीकडे डांबर सोडून खाली उतरलं की तिचं घर. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा माझा धंदा. गेल्या वर्षी हात असा अडकला की प्रत्येक पानावर तेच झाड, तोच डोंगर. "डोंगरात जा, सुचेल," असं जो तो सांगत होता. सुचतं का? फारसं नाही. आपण काय काय चुकीचं काढत आलो ते मात्र कळतं, आणि मला त्याचाच उपयोग जास्त झाला.

पहिले तीन महिने जवळजवळ वाया. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून 20 किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. वाडी मधल्या पट्ट्यात. पश्चिमेला काळा पडदा लागलेला आणि इकडे अंगणात ऊन, हा देखावा मी वीसेक वेळा काढला. एकदाही जमला नाही. जलरंगाचा हात दिला की तास-तास वाळायचा नाही. ऑगस्टमध्ये महागाच्या कागदावर बुरशीचे ठिपके उठले, तेव्हा काकांनी गठ्ठा उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवला. बुरशी थांबली, धुराचा वास राहिला. चित्रांचं पाकीट उघडल्यावर संपादकबाई विचारतात, "भाकऱ्या पाठवल्यास का गं?"

सप्टेंबरात एका गोष्टीसाठी गोठ्यातून उठणारी गाय काढली. पुढचे पाय टेकून, मान ताठ. मावशी शेणाचे हात पुसत वाकून बघायला आली.

"ही घोडी हाय का गाय?"

पाचगणीच्या टेबललँड पठारावरच्या घोड्यांची रेखाटनं करून माझा हात बसला होता, आणि घोडा पुढच्या पायांवर आधी उठतो. गाय आधी मागचा भाग उचलते, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहते, मग पुढचे पाय सरळ करते. अकरा वर्षं मी गायी काढून पैसे घेतलेत. त्यातल्या किती घोड्यांसारख्या उठल्या असतील, हे मोजायची हिंमत होत नाही.

स्ट्रॉबेरीचंही तेच. माझ्या चित्रांत ती झुडपाला लटकायची. इथे रोप जेमतेम वीतभर, पानं तीन-तीन दळांची, आणि फळ वाफ्यावर अंथरलेल्या काळ्या मल्चिंग पेपरवर आडवं लोळत पडलेलं. वरचे पिवळे दाणे म्हणजे बिया, असं मी धरून चालले होते. त्यातला प्रत्येक दाणा हेच खरं फळ, लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक. 2010 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेलं महाबळेश्वरचं हे फळ मी लहानपणापासून खातेय, पाहिलं मात्र यंदा.

वीज गेली की मी भिलारला चालत जाते. मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घराघरांत कपाटं भरून मराठी पुस्तकं, कोणीही जाऊन वाचावं. बालसाहित्यही आहे. दुसऱ्या चित्रकारांच्या गायी कशा उठतात, ते मी आता तिथे बसून तपासते. जरा दुष्टपणा आहे, पण बरं वाटतं.

तक्रारी म्हणाल तर, मोबाइलला रेंज फक्त टाकीवर चढल्यावर येते. पाहुणचार दोन दिवस, तिसऱ्या दिवशी हातात खुरपं येतं. डिसेंबर-जानेवारीत तोडणी सुरू असताना तर जाऊच नये. पहाटे दव असताना वाकायचं, दिवसभर डब्या भरायच्या, संध्याकाळी पेन्सिल धरायला बोटं वळत नाहीत. मावशी पैसे घेत नाही, त्यामुळे नाही म्हणायची सोयही नाही.

फेब्रुवारीतल्या मुक्कामात रात्री गवे आले. दोन वाफे तुडवले, ठिबकच्या नळ्या फोडल्या. सकाळी काका उकिडवे बसून नळ्या जोडत होते आणि मी बांधावर बसून चिखलातले खुरांचे ठसे काढत होते. नऊ महिन्यांतलं माझं सगळ्यात चांगलं पान तेच. अर्धं झालं असेल, तेवढ्यात काकांनी वर बघितलं.

"झालं असलं तर जरा नळी धर."

झालं नव्हतं. धरली.