हिवाळ्यात पाच तारे दिले असते, मे महिन्यात दोन: डायमंड पेंटिंगच्या चौकोनी किटचा अनुभव

"सात दिवसांच्या आत कळवायला हवं होतं. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" किटमध्ये खडे कमी निघाले अशी तक्रार केल्यावर विक्रेत्याकडून हे उत्तर आलं आणि सविस्तर लिहायचं ठरवलं. डायमंड पेंटिंग म्हणजे चिन्हं छापलेल्या, गोंद लावलेल्या कॅनव्हासवर त्या त्या रंगाचे बारीक चमकदार खडे एकेक करून चिकटवायचे आणि चित्र भरायचं. ४० बाय ५० सेंटिमीटरचं चित्र, अडीच मिलिमीटरचे चौकोनी खडे. आडवे १६०, उभे २००, म्हणजे ३२ हजार. ३२ हजार खडे सात दिवसांत कोण मोजून घेणार? रंगाच्या पुड्या मोजता येतात, त्या मी मोजल्या होत्या आणि बरोबर होत्या. पण पुडीत खडे कमी भरलेत हे तो रंग संपत येतो तेव्हाच कळतं, आणि तो संपत यायला महिने लागतात. ही अट घालणाऱ्याने स्वतः एक चित्र पूर्ण करून बघावं.

मी अकोल्याची. दिवाळीच्या सुट्टीत आधी गोल खड्यांचं लहान किट केलं, मोराचं. ते आवडलं म्हणून संक्रांतीनंतर हे मोठं चौकोनी घेतलं: रात्रीचं आकाश, तळं, पाण्यात पडलेली दिव्यांची प्रतिबिंबं. आमच्या सासूबाईंनी उमेदीच्या काळात मॅटीवर खूप क्रॉस-स्टिच केलंय. पुड्यांवरचे नंबर बघून त्या लगेच म्हणाल्या, "३१० म्हणजे काळा ना?" बरोबर. खड्यांचे रंग डीएमसीच्या धाग्यांच्या क्रमांकांवरूनच येतात. ही फ्रान्समधली कंपनी १७४६ पासूनची, आणि तिच्या धाग्यांचे नंबर खडे बनवणाऱ्यांनी जसेच्या तसे उचलले. याचा फायदा असा की एखादा रंग कमी पडला तर नंबर सांगून दुसरीकडूनही मागवता येतो. म्हणून पुड्या फोडून खडे डब्यांत भरणार असाल तर प्रत्येक डब्यावर आधी नंबर लिहा.

आता मुख्य विषय, ते गुलाबी मेण.

किटमध्ये एक पेन, एक ट्रे, एक चिमटा आणि मेणाची छोटीशी चौकोनी वडी येते. पेनचं टोक मेणात दाबायचं, जरा फिरवायचं, टोकाच्या नळीत मेण भरतं आणि त्याला खडा चिकटतो. वडीला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिक असतं, ते आधी सोलून काढायचं. नाहीतर टोकात मेणाऐवजी प्लॅस्टिकचा तुकडा अडकतो आणि खडा काही उचलला जात नाही. नळी भरेल एवढंच मेण घ्यायचं, बाहेर फुगलेलं मेण बोटाने किंवा कागदावर सपाट करायचं. हिवाळ्यात हे सगळं फार छान चालतं. एकदा भरलं की बराच वेळ बघावं लागत नाही. जानेवारीत मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की फुकटात आलेल्या या मेणासारखी कामाची वस्तू किटमध्ये दुसरी नाही.

एप्रिल लागला आणि सगळं पालटलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी घरातल्या भिंतीसुद्धा तापतात. मेण नरम पडलं. खडा उचलला जायचा, पण लावल्यावर पेन वर घेतलं की खडाही परत वर यायचा. जोर देऊन दाबलं तर खडा बसायचा, पण त्याच्या पाठीवर गुलाबी ठिपका राहायचा. एक खडा भिंगाखाली धरून बघा. वरची बाजू पैलूंची असते, मधला पैलू सपाट आणि चारी कडांना उतार. त्या मधल्या पैलूवरच मेणाचं बोट फिरल्यासारखा पापुद्रा बसतो. गडद निळ्या खड्यावर तो आधी दिसत नाही, पण त्यावर धूळ बसते आणि दोन दिवसांत आकाशाचा तेवढा पट्टा मातकट दिसायला लागतो. ज्या चमकेसाठी आपण एवढा खटाटोप करतो, नेमकी तीच जाते. याचा मला जेवढा राग आला तेवढा कमी पडलेल्या खड्यांचाही आला नाही.

मेण फ्रिजमध्ये ठेवून बघितलं. बाहेर काढल्यावर इतकं कडक की टोकात भरत नाही, आणि भरलं तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. पेनचं टोक टाचणीने कोरून साफ करत बसले. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. "काहून एवढं दाबतं वं? हलक्या हाताने कर," म्हणाल्या. हलक्या हाताने केलं तर खडा सुटेना.

उपाय स्टेशनरीच्या दुकानात मिळाला. भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुट्टी मिळते ना, ब्लू-टॅक वगैरे, ती चण्याएवढी घेऊन मळायची आणि टोकात भरायची. उन्हात ती मेणासारखी पघळत नाही आणि खड्यावर डाग ठेवत नाही. दोन-तीन दिवसांनी धूळ बसून तिची पकड कमी झाली की टाचणीने काढून नवी भरायची. ज्यांच्याकडे कडक उन्हाळा असतो त्यांनी गुलाबी मेण एप्रिलमध्ये सरळ बाजूला ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच डाग पडले असतील तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून, पिळून, हलकेच फिरवा. पुष्कळसे निघतात.

आता पाऊस सुरू झाल्यापासून मेणाबद्दलचा राग थोडा निवळला आहे. हवा थंड झाली आणि तीच वडी पुन्हा नीट वागायला लागली. त्यामुळे मत असं झालंय: गोल खड्यांना आणि हिवाळ्यात मेण, चौकोनी खड्यांना आणि उन्हाळ्यात पुट्टी.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास कूलरचा. कूलर बंद करून विदर्भात दुपारी कुणी बसू शकत नाही, आणि कूलरचा झोत कॅनव्हासवरची झाकणाची फिल्म उडवतो. ती फिल्म गोंदावर वेडीवाकडी बसली की तिच्या चुण्या गोंदात उमटतात आणि त्या चुण्यांवर खडे सरळ बसत नाहीत. म्हणून ती मोठी फिल्म काढून टाकायची आणि तिच्या जागी बटर पेपरचे हातरुमालाएवढे चौकोन चिकटवायचे. मग ज्या भागात काम आहे तेवढाच चौकोन उचलायचा, बाकीचा गोंद झाकलेला. पण बटर पेपर कोणता हे बघून घ्या. स्टेशनरीत ट्रेसिंगसाठी मिळतो तो गोंदाला घट्ट चिकटतो, काढताना फाटतो. केक-बिस्किटांसाठी मिळणारा सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर हवा. पैसे वाचवायचे असतील तर स्टिकरच्या मागचा गुळगुळीत कागद जपून ठेवा, तोही चालतो. मी माझ्या किटला निम्मा भाग तसाच झाकला आहे.

आता खडे लावण्याबद्दल, कारण नवीन लोक इथेच घाई करतात. ट्रेमध्ये थोडेच खडे घ्यायचे आणि ट्रे हळूच आडवा हलवायचा. ट्रेच्या तळाला पन्हाळ्या असतात, हलवलं की बहुतेक खडे आपोआप सपाट बाजू खाली आणि पैलू वर असे बसतात आणि रांगेत येतात. चौकोनी खडा वरून थेट घरात टाकायचा नाही. त्याची एक कड शेजारच्या खड्याला टेकवायची आणि मग खाली सोडायचा. तेव्हा बारीक टक् असा आवाज येतो, त्या आवाजाची सवय झाली की डोळ्यांनी फार तपासावं लागत नाही. लगेच दाबायचं नाही. वाकडा असेल तर चिमट्याच्या टोकाने फिरवता येतो, दाबल्यावर गोंद सोडत नाही. आठ-दहा रांगा झाल्या की स्टीलची पट्टी कडेला लावून हलकेच ढकलायचं, रांग सरळ होते, आणि मग दाबायचं. दाबायला वेगळा रोलर विकत घ्यायची गरज नाही. स्वच्छ कोरडं लाटणं, वर बटर पेपर, झालं.

एकच रंग जिथे लांबवर आहे तिथे बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक लावून मग मधली घरं भरायची, अशी एक पद्धत सगळीकडे सांगतात. रांगा तिरक्या जात नाहीत हा तिचा खरा फायदा. पण खडे सगळे अचूक एकाच मापाचे असतील तरच. माझ्या किटमधले काही रंग केसभर मोठे होते, मधल्या घरात ते बसता बसेनात, एक कड वर राहायची. अशा रंगांसाठी एका टोकाकडून सलग जाणंच बरं. जबरदस्तीने कोंबलेले खडे आज बसल्यासारखे वाटतात आणि कॅनव्हास गुंडाळला की टपटप निघतात. गुंडाळताना खड्यांची बाजू बाहेर ठेवा.

एकावेळी तीन, सहा, नऊ खडे उचलणारी रुंद टोकं किटमध्ये येतात किंवा वेगळी मिळतात. आधी ती मला नुसती दिखाऊ वाटली होती, कारण दिव्यांच्या प्रतिबिंबांच्या भागात दोन खडे सलग एका रंगाचे येत नाहीत. आकाशाला पोचले आणि तीनच्या टोकाशिवाय चालेना. नऊचं टोक मात्र अजूनही बाजूलाच आहे. ट्रेमध्ये नऊ खडे नीट एकमेकांना चिकटून उभे करण्यात जो वेळ जातो तेवढ्यात तीनच्या टोकाने काम होतं. आणि पहिली रांग एकेरी पेननेच लावायची, तिच्या आधाराने पुढचं सरळ जातं.

बाकी साधनांवर खर्च करताना चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ देऊ नका. राळेची रंगीत पेनं सुंदर दिसतात, काम तेच करतात. बोटं दुखत असतील तर पेन्सिलवर चढवायची रबराची पकड पुरे. खडे ठेवायला औषधांच्या गोळ्यांचे कप्प्यांचे डबे. एकच वस्तू पैसे देऊन घ्यावी असं म्हणेन, ती म्हणजे कॅनव्हासखाली ठेवायचा लाइट पॅड. गडद निळ्या घरांवर छापलेली काळी चिन्हं रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये वाचता येत नाहीत, खालून उजेड आला की स्वच्छ दिसतात. चाळिशी लागलेल्यांना तर तो हवाच.

किट निवडताना तीन गोष्टी विचारा. दिलेलं माप चित्राचं आहे की पांढऱ्या कडांसकट कॅनव्हासचं. गोंद ओतलेला आहे की दुहेरी टेप, कारण टेपमध्ये हवेच्या रेषा राहतात आणि तिथे खडे धरत नाहीत. आणि कॅनव्हास गुंडाळून येतो की घडी घालून. घरच्या फोटोचं किट बनवून घेणार असाल तर हिशेब करा: ३० बाय ४० मध्ये आडवी १२० आणि उभी १६० घरं असतात. दहा जणांच्या फोटोत एका चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम बोटभर जागा येते, तेवढ्यात डोळे-नाक उमटत नाही. एका माणसाचा जवळून काढलेला फोटोच द्या. माझ्या वहिनींना साखरपुड्याचा फोटो द्यायचा होता, त्यांना मी हट्टाने थांबवलं.

तर ते कमी पडलेले खडे. ९३९ क्रमांक, सगळं आकाश त्याच गडद निळ्याचं. किटमधल्या रंगांच्या तक्त्यावर त्या रंगाचे किती खडे लागतील ते छापलेलं आहे. शेवटची पुडी उघडली तेव्हा रिकामी घरं मोजली, पुडीतले खडे मोजले, तक्त्याचा फोटो जोडला. तरी उत्तर तेच, व्हिडिओ पाठवा. मग मी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उल्लेख करून लिहिलं. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा, असं त्यात आहे. आणि पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करणार हेही स्पष्ट लिहिलं. चौथ्या दिवशी माफी न मागता पुडी आली. तुम्हालाही असाच अनुभव आला तर फोनवर वाद घालू नका, सगळं लेखी करा.

नवी पुडी ९३९चीच, पण दुसऱ्या घाण्याची. निळा किंचित उजळ आणि चमक जास्त. ती एका कोपऱ्यात सलग लावली असती तर आकाशाला ठिगळ दिसलं असतं. म्हणून जुन्या पुडीतले उरलेले खडे आणि नवे खडे ट्रेमध्ये एकत्र ओतले आणि जसे हाताला येतील तसे लावत गेले. समोरून फरक कळत नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की वरच्या उजव्या भागात थोडी झिलई वेगळी दिसते, आणि रात्रीच्या आकाशाला ती शोभतेसुद्धा. किटला साडेतीन तारे, विक्रेत्याला एक.