लेव्हेटिरासेटाम सोडून लॅमोट्रिजीन घ्यावं का?

फिट थांबल्या, पण माणूस चिडका झाला. लेव्हेटिरासेटाम हे अपस्माराचं, म्हणजे फिटच्या आजाराचं, औषध सुरू असलेल्या घरात ही तक्रार बरेचदा रुग्ण करत नाही, सोबत राहणारे करतात. साध्या प्रश्नावर खेकसणं, दार आपटणं आणि तासाभराने स्वतःच रडायला लागणं. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "हल्ली लोकच डोक्यात जातात." डॉक्टरांकडे हा विषय निघाला की पर्याय म्हणून लॅमोट्रिजीन या दुसऱ्या फिटच्या औषधाचं नाव हमखास येतं.

पण बदल नेमका कशासाठी करायचा आहे? फिट थांबत नाहीत म्हणून, की फिट थांबल्यात पण औषध सोसत नाही म्हणून? दोन्ही वेळा आपण "औषध लागू पडलं नाही" असंच म्हणतो, गणित मात्र पार वेगळं असतं. ग्लासगोत ४७० नव्या रुग्णांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधाने फिट आटोक्यात आल्याच नाहीत म्हणून ते सोडलेल्यांपैकी पुढे ११ टक्के लोकच फिटमुक्त झाले. दुष्परिणाम सोसले नाहीत म्हणून सोडलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं. म्हणजे चिडचिडीपायी औषध बदलणाऱ्याला आशा जास्त, आणि गमावण्यासारखंही त्याच्याचपाशी जास्त. त्याच्या फिट आज थांबलेल्या आहेत. उलट, नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये घेऊनही फिट येतच असतील, तर तिसऱ्या गोळीच्या नादी लागण्याआधी अपस्माराच्या विशेष केंद्रात तपासणी करून घ्यावी. काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार तिथूनच सुरू होतो.

आता दोन्ही औषधं शेजारी ठेवू. लेव्हेटिरासेटामची मोठी सोय म्हणजे वेग. काही दिवसांतच कामाच्या डोसपर्यंत जाता येतं. ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि इतर औषधांशी त्याचं फारसं भांडण नाही. मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी करावा लागतो, एवढं सांभाळायचं. त्याचा दोष मनावर उतरतो: चिडचिड, उदासी, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार. हे विचार आले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

लॅमोट्रिजीन मनाला बरंच सौम्य. मूड टोकाचा वर-खाली होणाऱ्या बायपोलर आजारातही ते वापरतात, त्यामुळे मूड खाली असलेल्यांना ते बरेचदा मानवतं. (काहींची झोप उडते, तेव्हा "सौम्य" म्हणजे सगळ्यांनाच सौम्य असं नाही.) पण ते घाई अजिबात खपवून घेत नाही. प्रौढांत नेहमीची सुरुवात दिवसाला २५ मिलिग्रॅम, तीही दोन आठवडे. पुढचे दोन आठवडे ५०. मग हळूहळू वर. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचं आणखी एक औषध असेल तर पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजीन शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकतं. या सगळ्या सावकाशीचं कारण आहे पुरळ. साधं पुरळ बऱ्याच जणांना येतं. त्वचा आणि तोंडातली आतली कातडी सोलवटणारं गंभीर पुरळ प्रौढांत हजारात एक ते तिघांना येतं, मुलांत त्याहून जास्त. ते बहुतेक पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत दिसतं. या काळात अंगावर काहीही उठलं तर फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. हृदयाच्या ठोक्यांची किंवा झडपांची तक्रार असेल तर तीही आधी सांगावी. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये तसा इशारा दिलेला आहे.

आणखी एक तिरपागडा नियम: लॅमोट्रिजीनच्या गोळ्या सलग पाचेक दिवस सुटल्या, तर पुन्हा थेट पूर्ण डोसवर उडी मारायची नाही, बहुधा पहिल्यापासून चढावं लागतं. गोळ्या विसरण्याची सवय असलेल्याने हे आरशात पाहून स्वतःला विचारावं.

परिणामाचं काय? ब्रिटनमधल्या 'सॅनॅड-२' या चाचणीत फोकल, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या, फिट असलेल्या ९९० जणांत लॅमोट्रिजीन सरस ठरलं. निकाल २०२१ चा. मात्र ते उपचार नव्याने सुरू करणारे रुग्ण होते. लेव्हेटिरासेटामवर तुमच्या फिट थांबल्याच असतील, तर "सरस" हा शब्द तुमच्या कामाचा नाही. आणि सकाळी उठल्यावर हात झटकून वस्तू उडून पडते अशा प्रकारचा अपस्मार असेल, तर लॅमोट्रिजीनने ते झटके काहींमध्ये वाढतात. आपला अपस्मार कोणत्या प्रकारचा, हे फाइलवर लिहिलेलं नसेल तर आधी ते विचारून घ्या.

बाळंतपणाचा विचार असेल तर दोन्ही औषधं व्हॅल्प्रोएटपेक्षा खूपच सुरक्षित मानली जातात. गरोदरपणात दोन्हींची रक्तातली पातळी उतरते, म्हणून डोसवर लक्ष ठेवावं लागतं. एक फरक मात्र ठळक आहे: इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजीनची पातळी जवळपास निम्म्यावर आणते, लेव्हेटिरासेटामला तिचा त्रास नाही.

खरी अवघड जागा मधला काळ आहे. आधी लॅमोट्रिजीन चढवायचं, ते पुरेसं झालं की मगच लेव्हेटिरासेटाम उतरवायचं. यात सहज दोन-तीन महिने जातात आणि चिडचिड तोवर घरातच मुक्कामाला असते. शेवटी दोन्ही एकत्र असताना गरगरू शकतं. चिडचिडीला वैतागून जुनी गोळी एका रात्रीत फेकून दिली, तर फिटमागून फिट येण्याचा धोका असतो. फिट पाच मिनिटांवर लांबली तर रुग्णवाहिकाच बोलवायची. या काळात गाडी चालवावी का, पोहायला जावं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

इतके महिने थांबणं शक्य नसेल तर तिसरी वाट आहे, तिच्याबद्दल क्वचितच बोललं जातं: ब्रिव्हारासेटाम. लेव्हेटिरासेटामचंच हे भावंड. डॉक्टरांच्या हिशोबाने एका दिवसात थेट बदलता येतं. अनेकांची चिडचिड त्याने कमी होते, सगळ्यांची नाही.

माझं मत विचाराल तर चिडचिड सोसण्याजोगी असेल आणि कित्येक वर्षं फिट आलेली नसेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून आहे तोच डोस थोडा उतरवून पाहावा. काही डॉक्टर सोबत बी-६ जीवनसत्त्वही देतात; पुरावा तोकडा आहे. नाती तुटायला आली असतील, तर मात्र बदल करावा. चिडचिडीची नोंद रुग्णाने ठेवू नये, घरातल्या दुसऱ्याने ठेवावी, तारखेसकट. डॉक्टरांसमोर "हल्ली बरा आहे" असं म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याने आदल्या रात्री दार आपटलेलं असतं.