कमी व्याज, रोख सूट की लहान हप्ता? नव्या गाडीच्या सौद्याचा हिशेब

शोरूममध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: "महिन्याला किती हप्ता झेपेल?" या प्रश्नाचं उत्तर दिलं की निम्मा सौदा हातातून गेला असं समजा. गाडी घेताना खरं तर तीन वेगळे व्यवहार चाललेले असतात: नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत आणि कर्ज. हप्ता या एकाच आकड्यात तिन्ही मिसळले की एका ठिकाणी दिलेली सूट दुसऱ्या ठिकाणी गुपचूप वसूल करता येते. मुदत 12 महिन्यांनी वाढवली तरी हप्ता "कमी करून दिला" असं म्हणता येतं.

म्हणून खालच्या सगळ्या पर्यायांना मोजपट्टी एकच लावली आहे: आज खिशातून जाणारी रक्कम, अधिक शेवटच्या हप्त्यापर्यंत जाणारी सगळी रक्कम. दोन पर्यायांची मुदत सारखी नसेल तर ती आधी सारखी करून घ्यायची, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

समोरासमोर घासाघीस की लेखी कोटेशन

समोरासमोर बसून भाव पाडता येतो हा समज जुना आहे. टेबलापलीकडचा माणूस हेच काम रोज करतो, आपण पाच-सात वर्षांतून एकदा. त्यामुळे लेखी कोटेशन जवळपास नेहमीच सरस ठरतं. तीन डीलरांना एकच मजकूर पाठवा: मॉडेल, व्हेरियंट, रंग, डिलिव्हरीची तारीख, "कर्ज आणि जुनी गाडी बाजूला ठेवून शेवटचा भाव कळवा". उत्तरात मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज आणि हाताळणी खर्च वेगवेगळ्या ओळींत मागा. एकच गोळाबेरीज आकडा आला तर परत पाठवा.

ओळी सुट्या झाल्या की भाव कुठे फुगवलाय ते दिसतं. कर आणि नोंदणी सगळीकडे सारखीच असायला हवी. फरक पडतो तो विमा, हाताळणी खर्च आणि अ‍ॅक्सेसरीजमध्ये. विम्याचा दर बाहेरून काढताना गाडीची विमा रक्कम आणि जादा कलमं तीच ठेवा, नाहीतर स्वस्त पॉलिसी स्वस्त का आहे ते अपघातानंतर कळतं.

महिनाअखेर आणि तिमाहीअखेर डीलरचं टार्गेट अडलेलं असतं, तेव्हा हात सैल सुटतो. पण ज्या मॉडेलला महिनोन्‌महिने वेटिंग आहे, तिथे किमतीवर डोकं आपटण्यात वेळ घालवू नका. तिथली घासाघीस विमा, जबरदस्तीच्या अ‍ॅक्सेसरीज आणि कर्जाच्या दरावर करावी.

रोख सूट की फुकट अ‍ॅक्सेसरीज

रोख सूट. यात फार विचार करण्यासारखं काही नाही. 30 हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज डीलरला 30 हजारांना पडत नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या आपण एरवी घेतल्याही नसत्या. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा जुना प्रकार. हव्याच असतील तर बाहेर त्यांची किंमत विचारा आणि तेवढीच रक्कम सूट म्हणून धरा.

घसघशीत सूट समोर आली तर गाडी कधी बनली तेही बघा. गेल्या वर्षीचा साठा यंदा खपवायचा असतो. बऱ्याच उत्पादकांच्या 17 अंकी-अक्षरी चासी क्रमांकात दहावं चिन्ह वर्षाचं असतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधी बनलेले असणारच, पण दीड-दोन वर्षांचं अंतर असेल तर प्रश्न विचारा. जुना साठा घेऊ नये असं नाही. मात्र विकताना ती गाडी एक वर्ष जुनी धरली जाणार, तेव्हा आजची सूट त्या घटीहून मोठी हवी.

जुनी गाडी: एक्स्चेंज की बाहेर विक्री

एक्स्चेंजचा चढा भाव ऐकून हुरळून जाऊ नका, फक्त फरक बघा. 10 लाखांच्या गाडीवर पहिला डीलर 20 हजार सूट आणि जुन्या गाडीचे 3 लाख देतो: भरायचे 6 लाख 80 हजार. दुसरा 50 हजार सूट आणि जुन्या गाडीचे फक्त 2 लाख 75 हजार देतो: भरायचे 6 लाख 75 हजार. जुन्या गाडीला "कमी" भाव देणारा दुसराच स्वस्त पडला.

बाहेर विकून साधारण जास्त पैसे येतात, पण त्यासाठी वेळ जातो, अनोळखी माणसांना गाडी चालवायला द्यावी लागते आणि नावबदल पूर्ण होईपर्यंत जबाबदारी आपल्या डोक्यावर राहते. काही ठिकाणी एक्स्चेंज केल्यास कर फरकाच्या रकमेवरच लागतो. तसं असेल तर एक्स्चेंजचं पारडं चांगलंच जड होतं. नव्या गाडीचा भाव लेखी पदरात पडेपर्यंत मात्र जुन्या गाडीचा विषयच काढायचा नाही.

शोरूमचं कर्ज की बँकेचं

शोरूममधलं कर्ज ही नंतर सुचलेली सोय नव्हे, तो या धंद्याचा जुना पाया आहे. जनरल मोटर्सने 1919 मध्येच गाड्यांना कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली होती. डीलरला कर्ज जुळवून दिल्याबद्दल कमिशन मिळतं, आणि काही व्यवस्थांमध्ये गिऱ्हाइकाला जितका चढा दर लावला तितकं कमिशन जास्त. ब्रिटनमध्ये अशा दराशी बांधलेल्या कमिशनवर जानेवारी 2021 मध्ये बंदी आली ती यामुळेच. यातून आणखी एक गोष्ट कळते: "मी सगळे पैसे रोख देणार" हे सुरुवातीलाच सांगून फायदा होत नाही. डीलरचं कमिशन बुडतं, मग तो किमतीत हात आखडता घेतो.

शोरूमला जाण्याआधी बँकेकडून मंजुरीपत्र घेऊन ठेवा. कर्ज तिथून घ्यायचं नसलं तरी ते हातात असू द्या. त्यामुळे शोरूमचा दर कशाशी ताडायचा ते कळतं. उत्पादकाच्या स्वतःच्या वित्त कंपनीकडे कधीकधी बँकेला परवडणार नाही इतका कमी दर असतो, म्हणून शोरूमचा पर्याय न ऐकता नाकारूही नका.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो दराच्या जातीत. बँक 9 टक्के म्हणते ते बहुधा घटत्या शिलकीवर, म्हणजे अजून न फिटलेल्या मुद्दलावरच. शेजारी कोणी "फक्त 7 टक्के फ्लॅट" म्हणतो. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागतं, मुद्दल फिटत गेलं तरीही. 1 लाखावर 5 वर्षांत फ्लॅट 7 टक्के म्हणजे 35,000 व्याज आणि 2,250 हप्ता. घटत्या शिलकीवर हा दर 12.5 टक्के पडतो. बँकेच्या 9 टक्क्यांचा हप्ता 2,076 येतो. फ्लॅट 5 टक्केसुद्धा 9 च्या किंचित वरच जातो.

दुसरी खाच प्रोसेसिंग फी, म्हणजे कर्ज देताना घेतलं जाणारं शुल्क. 2 टक्के फी आधीच कापली तर 9 टक्क्यांचं कर्ज 5 वर्षांच्या मुदतीत सुमारे 9.9 आणि 3 वर्षांच्या मुदतीत सुमारे 10.4 टक्क्यांना पडतं. मुदत लहान तितकी फी जास्त झोंबते. खरा दर घरी काढता येतो: स्प्रेडशीटमधल्या "रेट" फंक्शनला महिन्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि फी वजा जाता हातात पडणारी रक्कम द्या, उत्तराला 12 ने गुणा. पहिला हप्ता आगाऊ कापत असतील तर त्यांचा कागदावरचा दर आणि तुमचा दर आणखी थोडा लांब जाईल.

कमी व्याज की रोख सूट

खरी चुरस इथे आहे. उत्पादक म्हणतो, "3 टक्के दराने कर्ज घ्या किंवा रोख सूट घ्या, दोन्ही मिळणार नाही." समजा 8 लाखांचं कर्ज लागणार आहे आणि बँकेचा दर 9 टक्के. 36 महिन्यांच्या मुदतीत दोन्ही पर्याय बरोबरीत येतात ते सुमारे 68,400 सूट असेल तेव्हा. सूट त्याहून मोठी असेल तर सूट घ्या आणि बँकेचं कर्ज काढा. लहान असेल तर 3 टक्के घ्या. मुदत 60 महिने केली की ही रेषा सुमारे 1,07,500 वर जाते, कारण कमी दर जितका काळ चालेल तितका फायदा साचतो.

स्वतःच्या आकड्यांसाठी सूत्र सोपं आहे. दोन्ही दरांचा 1 लाखामागचा हप्ता काढा, लहान हप्त्याला मोठ्याने भागा, उत्तर 1 मधून वजा करा आणि कर्जाच्या रकमेने गुणा.

हिशेब काठावर आला तर आमचा कौल रोख सूट घेण्याला. सूट पहिल्याच दिवशी खिशात येते. कमी व्याजाचा फायदा मात्र मुदत पुरी केली तरच पूर्ण मिळतो, दोन वर्षांत कर्ज फेडलं तर अर्धवट राहतो. शिवाय असा दर बऱ्याचदा कमी मुदतीला आणि मोठ्या डाउन पेमेंटलाच लागू असतो, ते लहान अक्षरांत असतं.

मुदत किती

1 लाख कर्ज, 9 टक्के, घटती शिल्लक:

| मुदत | हप्ता | एकूण व्याज | 3 वर्षांनी बाकी |
|---|---|---|---|
| 3 वर्षं | 3,180 | 14,480 | 0 |
| 5 वर्षं | 2,076 | 24,550 | सुमारे 45,400 |
| 7 वर्षं | 1,609 | 35,150 | सुमारे 64,700 |

शेवटचा रकाना लोक बघत नाहीत. 7 वर्षांचं कर्ज गाडीच्या पूर्ण किमतीइतकं काढलं आणि 3 वर्षांनी गाडी 60 टक्क्यांवर आली, तर गाडी विकूनही कर्ज फिटत नाही. चोरी किंवा मोठा अपघात झाला तर विमा कंपनी गाडीची त्या वेळची किंमत देते, कर्जाची बाकी नव्हे. 20 टक्के डाउन पेमेंट आणि 5 वर्षांची मुदत ही आमच्या मते बहुतेकांसाठी वरची मर्यादा. त्यात हप्ता बसत नसेल तर मुदत न वाढवता खालचा व्हेरियंट बघा.

बलून हप्ता आणि लीज

बलूनमध्ये मोठी रक्कम शेवटी ढकलतात. 1 लाखावर 3 वर्षं, 9 टक्के, शेवटी 40 हजार असं ठरलं तर हप्ता 3,180 वरून सुमारे 2,208 वर येतो, पण व्याज 14,480 ऐवजी सुमारे 19,490 होतं. शेवटची रक्कम कुठून येणार हे आज ठाऊक असेल तरच या वाटेला जा.

लीज म्हणजे गाडी विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने वापरणं. ते दर 3-4 वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांसाठी, किलोमीटरची मर्यादा पाळू शकणाऱ्यांसाठी. त्यातही आधी गाडीची किंमतच ठरवायची असते, हे बरेच जण विसरतात. व्याजाचा दर 0.0025 अशा बारीक आकड्यात दिला असेल तर 2400 ने गुणा: वर्षाला 6 टक्के.

सही करण्यापूर्वी

मंजुरीपत्र येण्याआधी गाडी ताब्यात घेऊ नका. गाडी घरी आल्यावर "तो दर मंजूर झाला नाही" असं कळलं तर मागे फिरणं अवघड जातं. करारातली कर्जाची रक्कम तुम्ही मागितलेल्या रकमेशी ताडून बघा. विमा, वाढीव वॉरंटी, कर्जसुरक्षा पॉलिसी हळूच कर्जात मिळवलेल्या असतात आणि त्यांच्यावरही व्याज चढतं. मुदतीआधी फेडायचं झाल्यास किती दंड, किती महिन्यांनंतर, आणि अंशतः रक्कम भरता येते का, हे करारातच वाचा. तोंडी उत्तर धरू नका. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. बुकिंगची रक्कम लेखी कोटेशन आल्यावरच, आणि रद्द केल्यास किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घेऊन.

शेवटचा हप्ता गेल्यावर कर्जमुक्तीचं पत्र मागून घ्या आणि नोंदणीच्या कागदावरचा बोजा, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद, उतरवून घ्या. तो आपोआप उतरेल या भरवशावर राहिलेल्यांना तो गाडी विकायला काढल्यावर आठवतो.