वागळे इस्टेटमधला ग्राइंडिंग जिग

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका छोट्या वर्कशॉपमधून घेतलेला हा जिग म्हणजे सुरीचे पाते ठरावीक कोनात धरून बेल्ट ग्राइंडरच्या (फिरत्या घासपट्ट्याच्या यंत्राच्या) टेबलावर सरकवण्यासाठी केलेला, बिजागरीवर झुकणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आहे. 4 मिमी जाड पट्टीवर 20 मिमी उंचीचा उतार (धारेकडे निमुळता होत जाणारा भाग) हवा असेल, तर प्रत्येक बाजूस सुमारे 5.7 अंशांचा कोन लागतो. तो लावून स्क्रू नीट आवळला, की दोन्ही बाजूंचे उतार जवळपास सारखे उतरतात, आणि नवशिक्याला हाताने हे साधणे फार कठीण असते. ठोकळ्यावरची अंशांची पट्टी मात्र भरवशाची नाही, डिजिटल कोनमापक वापरलेला बरा.

टोकाकडे धार वर वळत असल्याने सरळ सरकवलेले पाते तिथे जाड राहते. तेवढा भाग शेवटी हातानेच घासावा लागतो. शिवाय बोटे पात्यापासून दूर राहत असल्याने तापलेले पोलाद वेळीच जाणवत नाही, त्यामुळे पाणी दिलेले, म्हणजे तापवून विझवून कडक केलेले पाते घासताना दर फेरीनंतर पाण्यात बुडवावे, नाहीतर धारेवर निळसर छटा येऊन तिचा कडकपणा जातो. किंमत थोडी जास्त वाटली, पण स्क्रूचे आटे उत्तम आहेत.