थंडीत सायकलवर पायात काय घालायचं? बिनपॅडची टाइट्स, लेग वॉर्मर की घरातली ट्रॅकपँट

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे घराबाहेर पडलं की दहा-अकरा डिग्री असतं आणि त्याच दिवशी दुपारी पारा तीसच्या आसपास जातो. म्हणजे आपली थंडी ही सायकलवरच्या पहिल्या दोन-तीन तासांची थंडी आहे. त्यामुळे पायात काय घालायचं हे ठरवताना मी सगळ्यात आधी हेच बघते की ऊन वर आल्यावर ते काढता येतं का, आणि काढून ठेवायचं कुठे.

आता बिनपॅडचंच, म्हणजे बसायच्या जागी गादी न शिवलेलंच घ्या, असं का म्हणते ते सांगते. पॅडवाली फुल टाइट्स मिळते आणि नवीन लोक बहुतेक तीच उचलतात, एकात दोन कामं होतात म्हणून. पण पॅड थेट अंगाला लागून असतो, म्हणून प्रत्येक राईडनंतर धुवावाच लागतो, आणि थंडीत तो लवकर वाळत नाही, मग आठवड्यात तीन-चार वेळा सायकल चालवणाऱ्याला अशा दोन-तीन घ्याव्या लागतात. वर रस्त्यात गरम झालं तर काढताही येत नाही. आणि आतून आपली नेहमीची पॅडेड शॉर्ट घालून वरून पॅडवाली टाइट्स चढवली तर दोन पॅड एकमेकांवर सरकतात, घडी पडते आणि जांघेत काचायला लागतं. त्यापेक्षा आहे ती शॉर्ट आत आणि वरून बिनपॅडचं काहीतरी, हे स्वस्त पण पडतं आणि वरचं दोन-चार राईडला न धुता चालतं.

गुडघे झाकायचेच, त्यात तडजोड करू नका. 10 डिग्रीला तुम्ही 25 च्या स्पीडने जात असाल तर अंगाला ते साधारण 7 डिग्रीसारखं लागतं, आणि गुडघ्याच्या वाटीवर ना चरबी ना स्नायू, सगळा वारा तिथेच येऊन बसतो. मांड्या काम करून गरम होतात, गुडघे होत नाहीत.

खरी चुरस आहे सायकलिंगची बिनपॅड टाइट्स आणि रनिंग टाइट्स यांच्यात. रनिंगवाली सगळीकडे मिळते, साइजपण भरपूर असतात, आणि बऱ्याच जणांच्या कपाटात आधीच एक पडलेली असते. ती उलटी करून बघा, जांघेत चार शिवणी एकाच ठिकाणी येऊन मिळतात का? तशी असेल तर नेमकी ती गाठ सॅडलवर येते, आणि खाली पॅड असला तरी तासाभराने जाणवते. काहींत तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असतो, मग शिवणी बाजूला जातात, ती चालेल. दुसरं म्हणजे कंबर. हँडलवर वाकलं की रनिंग टाइट्स मागून खाली येते आणि पाठीचा खालचा भाग उघडा पडतो, सायकलिंगवालीला मागची बाजू मुद्दाम उंच ठेवलेली असते आणि गुडघा थोडा वाकलेल्या आकारातच कापलेला असतो, त्यामुळे पेडल मारताना गुडघ्याच्या मागे चुण्या पडत नाहीत. ट्रायल रूममध्ये सरळ उभं राहून काही कळत नाही, खाली बसा, गुडघा छातीपर्यंत आणा, गुडघ्यावर कापड ताणून पांढरट, विरळ दिसलं तर तिथून वारा आत येणार हे नक्की.

माझं मत विचाराल तर तासा-दीड तासाची खडकवासला राईड करून आठच्या आत घरी येणाऱ्याला चांगल्या शिवणीची रनिंग टाइट्स पुरते. रोज सायकलने ऑफिसला जाणाऱ्यांनाही तीच बरी, कारण वरून साधी हाफ पँट घातली की चहाच्या टपरीवर उतरायलाही संकोच वाटत नाही. पण दोन तासांच्या वर बसणार असाल तर सायकलिंगवालीवर पैसे घाला.

लांबच्या राईडला मात्र लेग वॉर्मरला तोड नाही. दोन नळ्यांसारखे असतात, मांडीपासून घोट्यापर्यंत, बूट न काढता बहुतेक निघतात आणि गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात बसतात. 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राईड) साडेतेरा तासांत संपवायची असते, त्यात पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन दोन्ही येतात, तिथे फुल टाइट्स घालून निघालेला माणूस दुपारी उकडून निघतो. सिंहगडला पण तेच, चढताना खाली घोट्यापर्यंत ढकलायचे आणि उतरताना वर ओढून घ्यायचे, नाहीतर चढावरचा घाम उतारावर गार पडतो. फक्त वरची सिलिकॉनची पट्टी शॉर्टच्या आत चार बोटं तरी गेली पाहिजे, आणि त्या दिवशी मांडीला मॉइश्चरायझर किंवा तेल लावायचं नाही, सरकतात. धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, पट्टीची पकड जाते. बाटल्या नि खाण्याने खिसे आधीच भरलेले असतील तर नी वॉर्मर घ्या, पोटऱ्या उघड्या राहतात पण गुडघे झाकले जातात.

ट्रॅकपँट गल्लीतल्या फेरीला ठीक, पण उजवा पाय चेनमध्ये अडकतो, निदान घोट्याला पट्टा तरी बांधा. कॉटनचं थर्मल नकोच, एकदा घामाने भिजलं की वाळत नाही.

आतून लोकरीसारखी मऊ लव असलेली जाड टाइट्स पुण्या-मुंबईत कुणी विकायला लागलं तरी घेऊ नका, नऊ वाजता पश्चात्ताप होईल. निफाडकडे पारा चार-पाचवर जातो तिथे किंवा महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला पहाटे फिरणार असाल तर तिचा उपयोग आहे.

बायकांसाठी एक सांगते, खांद्यावर पट्टे असलेली बिब टाइट्स लांबच्या राईडला घेऊ नका, हायवेवरच्या ढाब्यात टॉयलेटला जाताना बहुतेक वेळा जॅकेट, जर्सी सगळं उतरवावं लागतं. कंबरेची घ्या, आतली शॉर्टपण बिब नको.