सहा स्तंभांची जाळी, ‘मुक्ता’ फॉन्ट आणि इंकस्केप : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मारबत, गणेशोत्सव, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दिवाळी या काळात नागपुरातील छपाईच्या दुकानांत पत्रकांची जी गर्दी उसळते, त्यातील माझ्या वाट्याचे सगळे काम मी या वर्षी एकाच मांडणीवर केले : ए-४ कागदावर सहा स्तंभांची जाळी (म्हणजे मजकूर व चित्रे बसवण्यासाठी आखलेल्या मार्गदर्शक रेषा), ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट आणि इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची १.३ ही आवृत्ती. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर दोन्ही मोफत आहेत. तरीही माझ्या मते या कामात जाळीचे श्रेय सर्वांत मोठे आहे, आणि ती जाळी देवनागरीसाठी वेगळ्या रीतीने वापरावी लागते, हा या अनुभवाचा गाभा आहे.

जाळीचे गणित सोपे आहे. २१० मिलिमीटर रुंदीत दोन्ही बाजूंना १५-१५ मिलिमीटर समास सोडला की १८० उरतात. त्यात २५ मिलिमीटरचे सहा स्तंभ आणि त्यांच्यामध्ये ६ मिलिमीटरच्या पाच गल्ल्या नेमक्या बसतात. मजकुराच्या ओळींतील अंतरही मी ६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १७ पॉइंट, ठेवतो. १२ पॉइंटच्या देवनागरी मजकुराला एवढी मोकळीक लागतेच, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व रफार एकमेकांत घुसता कामा नयेत. चित्राचे तीन समान भाग कल्पून महत्त्वाचे घटक त्या विभागरेषांवर ठेवायचे, हा रचनेतील ‘एक तृतीयांश’चा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला होता, या जाळीत मजकुराच्या रुंदीचे तृतीयांश आपोआप गल्ल्यांमध्ये पडतात, मात्र पत्रकात त्याचा उपयोग छायाचित्राची जागा ठरवण्यापलीकडे फारसा होत नाही.

खरा प्रश्न मजकुराच्या ओळी ज्यांवर बसवायच्या त्या आडव्या रेषांचा आहे. रोमन अक्षरे खालच्या आधाररेषेवर उभी राहतात आणि सॉफ्टवेअरमधील संरेखनाच्या सोयी याच कल्पनेवर बेतलेल्या असतात. देवनागरी वाचताना मात्र डोळा शिरोरेषा धरून सरकतो. ३६ पॉइंटच्या शीर्षकाशेजारी १८ पॉइंटमध्ये तारीख ठेवली आणि दोन्हींच्या आधाररेषा जुळवल्या, तर शिरोरेषा दोन वेगळ्या उंचींवर येतात आणि जोडी विस्कटलेली दिसते. शिरोरेषा जुळवल्या की तोच मजकूर बांधीव वाटतो. त्यामुळे जाळीची आडवी रेषा मी शिरोरेषेसाठी राखून ठेवतो. इंकस्केपमध्ये हे काम डोळ्यांनीच, दृश्य मोठे करून, करावे लागते. रंगीत पट्टीच्या मध्यभागी शब्द बसवतानाही हीच अडचण येते. सॉफ्टवेअर शब्दाभोवतीच्या अदृश्य चौकटीचा मध्य धरते. ‘सूचना’ या शब्दात उकारामुळे चौकट खाली वाढते आणि अक्षरे वर सरकतात, तर ‘मेळावे’ या शब्दात मात्रांमुळे ती वर वाढते आणि अक्षरे खाली उतरतात. अशा दोन पट्ट्या शेजारी आल्या की फरक लगेच उघड होतो.

कोणता मजकूर आधी वाचावा हा महत्त्वक्रम दाखवण्याची साधनेही आपल्या लिपीत मोजकी आहेत. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, तिरप्या अक्षरांची जुनी परंपरा नाही, आणि अक्षरांमधील अंतर वाढवले तर शिरोरेषाच तुटते. उरतात ती आकार, जाडी, रंग आणि रिकामी जागा. ‘मुक्ता’त सात जाड्या आहेत, पण एका पत्रकात दोन पुरतात, सर्वसाधारण आणि अतिजाड, शेजारशेजारच्या जाड्या एकत्र घेतल्या तर तो भेद हेतुपूर्वक केला आहे असे वाटत नाही. आकारांतही प्रत्येक पायरी निदान दीडपट हवी, म्हणून १२, १८ आणि ३६ एवढ्यावरच मी थांबतो.

रिकामी जागा पटवून देणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. नागपूरच्या गांधीबाग बाजारात ग्राहक हटकून विचारतो, “भाऊ, एवढी जागा खाली काहून सोडली? पैसे तं पूर्ण पानाचे देऊन राहिलो ना!” अशा वेळी मी वाद घालत नाही, दोन नमुने छापून समोर ठेवतो. तारीख, वेळ आणि स्थळ एकमेकांजवळ आणून त्यांच्याभोवती मोकळी जागा सोडली, की ती तीन वेगळी वाक्ये न राहता माहितीचा एकच गट म्हणून वाचली जातात. जवळच्या वस्तू मन एकत्र बांधते, हे तत्त्व माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडले होते. चौकटी आणि वेलबुट्टी जे साधू पाहतात ते निव्वळ अंतराने साधते. बहुतेक ग्राहक दुसरा नमुना उचलतात. प्रायोजकांची नावे भरगच्च असलेली मंडळे मात्र उचलत नाहीत, आणि त्यांच्यापुरता मी हा आग्रह सोडून दिला आहे.

रंगांच्या बाबतीत ही व्यवस्था उणी पडते. इंकस्केपची ही आवृत्ती आरजीबी रंगांत, म्हणजे पडद्यावरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणात, काम करते, तर छपाई चार शायांची असते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत संत्र्याचा रंग कागदावर मळकट उतरतो. मोठ्या ऑर्डरपूर्वी एक प्रत छापून पाहण्याला पर्याय नाही. निळ्यावर लाल अक्षरे हा फ्लेक्सवाल्यांचा लाडका मेळ मी पूर्णपणे टाळतो, कारण त्या दोन रंगांच्या सीमेवर डोळा स्थिरावत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, ही संकेतस्थळांसाठीची मर्यादा मी छापील पत्रकालाही लावतो.

नवीन वापरणाऱ्यांसाठी शेवटची सूचना : छापखान्याला पीडीएफ देताना अक्षरे आकारांत रूपांतरित करून द्यावीत, म्हणजे तिथल्या संगणकावर ‘मुक्ता’ नसला तरी जोडाक्षरे मोडत नाहीत. अशा फाइलमध्ये ऱ्हस्वदीर्घाची दुरुस्तीही करता येत नाही, तेव्हा इंकस्केपमधील मूळ, बदलता येण्याजोगी एसव्हीजी प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी.