बॅगचं चाक तुटलं: काउंटरवरचं व्हाउचर की लेखी दावा?

मार्चमध्ये दुबईहून मुंबईला उतरले. पट्ट्यावरून बॅग आली ती एका कुशीवर. चाक मुळापासून उखडलेलं आणि त्या भोकातून आईसाठी घेतलेल्या शालीचा कोपरा बाहेर आलेला. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाने लगेच भरपाईचं व्हाउचर पुढे केलं, "मॅडम, इथे सही करा."

व्हाउचरचा फायदा एकच, पण खरा: विषय पाच मिनिटांत मिटतो. बॅग जुनी, स्वस्तातली असेल तर घेऊन टाका. फक्त सही करण्याआधी कागद वाचा. त्यात 'पूर्ण व अंतिम तडजोड' असेल तर पुढे दावा करणं अवघड जातं.

लेखी दावा वेळखाऊ, पण हक्काचा. हॉलमधून बाहेर पडण्याआधीच पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अहवाल, भरून त्याची प्रत घ्या. बॅगेचा टॅग, बोर्डिंग पास, फोटो जपा. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार, म्हणजे विमान प्रवासातल्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करावीच लागते. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच हरतात, कारण घरी पोचल्यावर 'बघू उद्या' होतं. 28 डिसेंबर 2024 पासून करारातली भरपाईची कमाल मर्यादा 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, ग्राहक आयोग आहे.

मी सही केली नाही. बॅग वर्षभराचीच होती आणि पावती घरी होती.